जुन्या स्विफ्टला टायर निवडताना रुंदी नंतर, उंची आधी

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांची २००९ ची पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय आता त्या चालवतात. टायरवर १६५/८० आर१४ लिहिलंय आणि चारही टायर संपत आलेत. दुकानदार म्हणाला, ही साइज आज नाही, १७५/६५ आर१४ टाका, रुंद आहे, पकड वाढेल, वर स्वस्तही पडेल. मावसभावाचं म्हणणं, टाकायचेच तर सोळा इंची अलॉय टाका, गाडी नवी दिसेल. आईला मणक्याचा त्रास आहे, ती मागे बसते, आणि वर्षातून तीन-चार वेळा गाडी पुण्याला जाते. शिवाय सत्तर-ऐंशीच्या पुढे खालून घूंऽऽ असा आवाज येतो. तो टायरचाच का, आणि नवे टायर टाकल्यावर जाईल का?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून. १७५/६५ आर१४ घेऊ नका. सोळा इंची अलॉयही नको. गाडीचे आहेत तेच चौदा इंची लोखंडी रिम ठेवा, त्यावर १८५/७० आर१४ बसवा, आणि अलॉयचे वाचलेले पैसे गाडीच्या खालच्या कामाला लावा. १८५/७० मिळाले नाहीत तर पुन्हा १६५/८० च घ्या, त्यात काही कमीपणा नाही. आवाजाचं मात्र टायर घेण्याआधी बघावं लागेल, त्यावर पुढे लिहितो.

टायरवरचा आकडा नीट वाचता आला की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत आहे: १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, टायरच्या बांधणीचा प्रकार. १४ हा रिमचा व्यास, आणि तो इंचात. एका ओळीत तीन वेगळी मापं आहेत, म्हणून माणूस फसतो. गिऱ्हाईक १६५ आणि १७५ हे दोन आकडे बघतं आणि म्हणतं, हा मोठा टायर. मधला ८० चा ६५ झालाय तिकडे लक्षच जात नाही.

आता कागद घ्या. चौदा इंच गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवा, १३२ आणि १३२. बेरीज ६१९.६. हा तुमच्या टायरचा बाहेरचा व्यास, आणि गाडीचा सगळा हिशोब या एका आकड्यावर बसवलेला असतो: गिअर, स्पीडोमीटर, जमिनीपासूनची उंची, मडगार्डच्या आतली जागा. १७५/६५ चं तेच गणित केलं तर भिंत ११३.७५ आणि व्यास ५८३ येतो. साडेछत्तीस मिलिमीटर कमी, म्हणजे जवळजवळ सहा टक्के. गाडी त्याच्या निम्म्याने, अठरा मिलिमीटर खाली बसणार. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात १७० मिलिमीटर. त्यातले अठरा गेले की सोसायटीच्या गेटपाशी जो स्पीडब्रेकर आज अलगद पार होतो तोच पोटाला लागायला लागतो, विशेषतः मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असताना.

एवढ्यावर थांबत नाही. चाक लहान झालं की त्याच वेगाला इंजिनाला सहा टक्के जास्त फिरावं लागतं. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी खरी ९४ वर असेल. किलोमीटरही जास्त मोजले जातील, दहा हजार दाखवेल तेव्हा गाडी नऊ हजार चारशेच्या आसपास धावलेली असेल. उलट बाजूने चूक केली, व्यास वाढवला, तर काटा कमी दाखवतो आणि गाडी जास्त पळते, ते तर धोक्याचंच. मी माझ्याकडे एक नियम पाळतो. व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर काम हाती घेतो. तीनच्या वर गेला तर गिऱ्हाइकाला समजावून परत पाठवतो.

आणि १६५/८० आर१४ मिळत नाही हे खरं नाही. त्या दुकानात त्या दिवशी नसेल. ही साइज तुमच्या गाडीवर होती, २०११ च्या दुसऱ्या स्विफ्टच्या साध्या मॉडेलवर होती, डिझायरवर होती, २०१८ च्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलवरही होती. इतक्या गाड्या रस्त्यावर असताना ही साइज बाजारातून जाईल कशी? दोन दिवस थांबायची तयारी ठेवा, हवा तो टायर येतो.

मग १८५/७० का सुचवतोय? कारण ती माझी कल्पना नाही, कंपनीचीच साइज आहे. तुमच्याच पिढीच्या स्विफ्टचं वरचं मॉडेल, झेडएक्सआय, त्यावर कंपनीने १८५/७० आर१४ दिले होते. व्यास काढून बघा: १८५ चे ७० टक्के १२९.५, दोन भिंती २५९, अधिक ३५५.६, म्हणजे ६१४.६. मूळ मापापेक्षा एक टक्काही कमी नाही. पुढे कंपनीने वरच्या मॉडेलला पंधरा इंची रिम दिले तेव्हा टायर ठेवला १८५/६५ आर१५, त्याचा व्यास ६२१.५. रिम वाढला, टायर रुंद झाला, पण बाहेरचा व्यास जवळपास तिथल्या तिथे. जुनी गाडी असेल आणि मोठ्या टायरची इच्छा असेल, तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलवर कंपनीने स्वतः काय बसवलं होतं ते आधी शोधावं. मडगार्डमध्ये जागा आहे का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर घासतं का, वजन झेपतं का, हे सगळं त्यांनी आधीच तपासलेलं असतं.

१६५ आणि १८५ मधला फरक तुम्हाला पावसात ब्रेक मारताना आणि हायवेवर ट्रकला ओलांडताना जाणवेल. पहिल्या स्विफ्टचं इंजिन जोरकस होतं, त्या मानाने १६५ चा टायर अंगाने किरकोळ. मायलेज थोडं कमी होईल, स्टिअरिंग उभ्या गाडीत किंचित जड लागेल. फक्त मांडवी-रावपुरा-कारेलीबाग एवढंच फिरणं असतं तर मी म्हटलं असतं, १६५/८० च राहू द्या. पण पुण्याची वारी आहे, सुरत-वापीचा ट्रॅफिक आहे, पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट आहे. तिथे ते वीस मिलिमीटर कामाला येतात. रुंदीचा मात्र अतिरेक नको. टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं, आणि गोटे, म्हणजे टायरवरच्या नक्षीचे उंचवटे, घासलेले असतील तर रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो.

सोळा इंचाकडे वळू. मावसभावाचं गणित चूक नाही. १९५/५५ आर१६ चा व्यास ६२१ येतो, स्पीडोमीटरला काही होणार नाही. पण भिंतीकडे बघा. तुमच्या आजच्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर, १८५/७० ची १२९.५, पंधरा इंचीची १२०, आणि सोळा इंचीची १०७. म्हणजे रस्ता आणि लोखंड यांच्यातलं हवेचं पाव इंच नाही, पूर्ण एक इंच गेलं. जुन्या गाडीत ही भिंत निम्मं सस्पेन्शन असते. शॉकअब थकलेले, सांध्यांतले रबरी बुश कडक झालेले, स्प्रिंग थोड्या बसलेल्या. तेव्हा रस्त्याचे लहान लहान हिसके टायरच गिळतो. तो पातळ केला की प्रत्येक सांधा थेट सीटपर्यंत येतो. मणक्याचं दुखणं असलेलं माणूस मागे बसणार असेल, तर या एका कारणासाठी मी सोळा इंचाला हात लावणार नाही.

दुसरं कारण आपले रस्ते. एक्स्प्रेसवेने अहमदाबादला जाऊन येणाऱ्याला पातळ टायर चालून जाईल, ९३ किलोमीटर सरळ रस्ता आहे. पण जांबुव्याच्या पुलापाशी पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाण्याखाली खड्डा दिसत नाही. चाक त्यात आदळलं की टायरची भिंत दुमडते, खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. त्या वेळी काही कळत नाही. दोन दिवसांनी भिंतीवर लिंबाएवढा फुगा दिसतो. तो फुगा म्हणजे त्या जागी आता फक्त रबर उरलंय, धागे नाहीत. त्याला दुरुस्ती नाही, आतून पॅच लावूनही उपयोग नाही. टायर बदलायचा आणि लगेच बदलायचा. लोखंडी रिमची कड वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला तर कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी तो रिम गाडीवर चढवू नका. तो पुन्हा कधी फुटेल हे सांगता येत नाही, आणि फुटतो तेव्हा वेगातच फुटतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती मी विसरलेलो नाही. झेनवाला मुलगा आला होता, मूळ टायर १४५/७० आर१३. त्याला चौदा इंची अलॉय हवे होते, मी १६५/६० आर१४ बसवून दिले. उभ्या गाडीत झकास दिसत होतं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं, कुठे लागत नव्हतं. व्यास मात्र ५३३ वरून ५५४ झाला होता आणि तो आकडा मी काढलाच नव्हता. मुलगा घरची चार माणसं घेऊन पावागढला गेला. गाडी भरलेली, मागचं चाक प्रत्येक उंचवट्याला मडगार्डच्या आतल्या पत्र्याला लागत राहिलं. परत आला तेव्हा मी चाक काढून हात फिरवला: मागच्या दोन्ही टायरचा बाहेरचा खांदा वस्तऱ्याने तासावा तसा सपाट झाला होता, एका जागी धाग्याची पांढरी जाळी दिसत होती. तसाच अजून पन्नास किलोमीटर चालला असता तर काय झालं असतं, हा विचार मला पुष्कळ रात्री आला. मी टायर बदलून दिले. तेव्हापासून कुठलीही वेगळी साइज बसवली की मागे चार माणसं बसवून, स्पीडब्रेकरवरून गाडी नेऊन मगच सोडतो. तुम्हीही कुठेही काम करून घेतलं तरी ही चाचणी मागून घ्या.

एवढं ऐकूनही अलॉय हवेच असतील, कारण गाडी वडिलांची आहे आणि ती छान दिसावी असं वाटण्यात गैर काहीच नाही, तर पंधरा इंचावर थांबा आणि टायर १८५/६५ आर१५ घ्या. पण रिम घेताना चार गोष्टी जुळायला हव्यात, आणि दुकानात बहुतेक एकच बघितली जाते. पहिली, नटांच्या भोकांचं वर्तुळ, ज्याला पीसीडी म्हणतात. चार नटांच्या चाकाला मोजणं सोपं: समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. स्विफ्टचं १०० मिलिमीटर. जुन्या झेनचं ११४.३, म्हणजे साडेचार इंच, त्यामुळे घरात पडलेले झेनचे अलॉय स्विफ्टला चालत नाहीत. भोक कानशीने ओढून बसवून देणारेही असतात. तिथून गाडी घेऊन निघून यावं.

दुसरी, मधलं भोक. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे ज्यावर चाक बसतं त्या भागाचा, गोल ५४.१ मिलिमीटरचा. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक त्याहून बरंच मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना विकता येतो. मग रिम हबवर नेमका मध्यावर बसत नाही, नट ओढतील तिकडे बसतो. बॅलन्सिंग मशिनवर शून्य दाखवलं तरी ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतो. त्यावर उपाय म्हणजे मधल्या फटीत बसणारी कडी, हब रिंग. किंमत फार नसते, मागितली नाही तर देत नाहीत.

तिसरी, ऑफसेट. हे सगळ्यात कमी बघितलं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे, तो हा आकडा, रिमवर ईटी लिहून पुढे कोरलेला असतो. समजा जुना रिम पाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, नवा सहा इंच रुंद आणि ईटी ३५. रुंदीचा एक इंच दोन्हीकडे निम्मा निम्मा वाटला गेला, म्हणजे १२.७ मिलिमीटर बाहेर आणि १२.७ आत. ऑफसेटच्या फरकाने सगळं चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर सरकलं. म्हणजे आतल्या बाजूला तीन मिलिमीटरचाच फरक, पण बाहेरच्या बाजूला जवळजवळ २३ मिलिमीटर. चाक मडगार्डबाहेर डोकावतं, दिसायला रुबाबदार दिसतं, आणि बेअरिंगवर, लोअर आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर), स्टिअरिंगवर पडणारा भार वाढतो. नव्या गाडीत हे वर्ष-दोन वर्षांनी कळतं. तुमच्या गाडीत सहा महिन्यांत कळेल. मूळ रिमवरचा आकडा आधी वाचा आणि नवा रिम त्याच्या पाच-सात मिलिमीटरच्या आतच घ्या.

चौथी, नट. लोखंडी रिमचे आणि अलॉयचे नट सारखे असतीलच असं नाही, टेकायची बाजू निमुळती की गोल ते रिमप्रमाणे बदलतं. मारुतीच्या नटाचा आटा १२ गुणिले १.२५, ह्युंदाईचा १२ गुणिले १.५. दिसायला सारखेच. चुकीचा नट हाताने एक-दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि कोणी पान्याने दामटला तर स्टडचा, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या बोल्टचा, आटा जातो. नट नेहमी आधी हाताने शेवटपर्यंत फिरवायचा.

कायद्याचं दोन ओळींत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाबद्दल स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत. कंपनीनेच त्या मॉडेलवर दिलेली साइज घातली तर अपघातानंतर विम्याच्या माणसापुढे आपली बाजू मांडणं सोपं जातं.

साइजच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, ८५ एस, ८८ एच, असं काहीतरी. आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा संकेत: ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा: एस १८०, टी १९०, एच २१०. मूळ आकड्यापेक्षा खाली कधीही जायचं नाही, वर गेलेलं चालतं. १८५/७० आर१४ मध्ये ८८ सहज मिळतो.

आता त्या आवाजाचं. सत्तरच्या पुढे घूंऽऽ येतो तो टायरचाही असतो आणि बेअरिंगचाही, आणि कानाला दोन्ही सारखेच लागतात. रिकाम्या रस्त्यावर, आवाज चालू असताना, गाडी सावकाश थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे न्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला आणि उजवीकडे नेल्यावर कमी झाला, तर उजव्या बाजूचं बेअरिंग संशयित. दोन्हीकडे आवाज तसाच राहिला तर टायरकडे बघायचं. गाडी उभी करून टायरच्या गोट्यांवरून तळहात फिरवा, पुढून मागे आणि मग मागून पुढे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर आवाज तिथून आहे, आणि अलाइनमेंट बिघडल्याची ती खूण आहे.

तुमचा पत्ता कारेलीबागेतला, म्हणून मुद्दाम विचारतो: २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आलं तेव्हा गाडी कुठे होती? त्या पुरानंतर कितीतरी गाड्या माझ्याकडे आल्या, सीट वाळवून, इंजिन ऑइल बदलून, सगळं नीट करून. आणि तीन-चार महिन्यांनी चाकातून आवाज सुरू. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, आत गंज धरतो. काहींनी माझ्याकडे येण्याआधीच नवे टायर टाकले होते आणि आवाज तसाच होता. टायरचे पैसे मोजण्याआधी गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवा, खरखर लागते का बघा. मग चाकाला वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. डावी-उजवी धरून हलवा, तिथे खेळ असेल तर टाय रॉडचं टोक.

पंधरा वर्षांपलीकडच्या स्विफ्टमध्ये पुढच्या लोअर आर्मचे बुश एकदा तरी गेलेलेच असतात. ते फाटलेले असताना अलाइनमेंट केली तर मशीनवर सगळे आकडे हिरवे येतात आणि पहिल्या ब्रेकला चाक पुन्हा आपल्या मनाने सरकतं. नवे टायर आतून खाल्ले जातात, दहा हजार किलोमीटरमध्ये आतली बाजू गुळगुळीत आणि बाहेरची नवीकोरी. म्हणून आधी बुश, बेअरिंग, शॉकअब, मग टायर, मग बॅलन्सिंग, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. हा क्रम कोणी उलटा करायला सांगितला तर ऐकू नका. अलॉयचे वाचलेले पैसे इथे लावा म्हणालो ते यासाठीच. आईला जो फरक जाणवेल तो या कामाने जाणवेल.

टायर घेताना तारीख स्वतः वाचा. भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ३४१८ म्हणजे २०१८ चा चौतिसावा आठवडा. ती चौकट एकाच बाजूला असते, म्हणून बसवण्याआधी वाचायची, बसवल्यावर ती आतल्या बाजूला गेली तर दिसत नाही. आपल्या गावाच्या एका अंगाला लिमड्याला अपोलोचा कारखाना, जरा पुढे हालोलला सिएटचा, म्हणून इथे मिळणारा टायर ताजाच असतो असं लोकांना वाटतं. टायर दुकानापर्यंत कुठल्या वाटेने आला आणि माळ्यावर किती दिवस पडला, ते ती तारीखच सांगते. सहा महिन्यांच्या आतला मागा, वर्षभरापेक्षा जुना घेऊ नका. आयएसआयचा शिक्का हवाच. आणि वापरून काढलेले, काळं पॉलिश मारलेले टायर स्वस्त मिळतात, ते कोणाच्याही गाडीला लावू नयेत.

बसवून घेताना तिथे उभ्या राहा, ताई. जुन्या लोखंडी रिमच्या कडेला, जिथे टायर टेकतो, तिथे गंजाचे पोपडे असतात. ते तारेच्या ब्रशने घासले नाहीत तर नवा ट्यूबलेस टायर आठवड्याला चार-पाच पॉइंट हवा सोडत राहतो आणि पंक्चर सापडत नाही. व्हॉल्व्ह चारही नवे टाकायला सांगा. रिमवर रुंदी छापलेली असते, १४ गुणिले ५जे अशी. पाच इंची रिमवर १८५/७० बसतो, साडेचार ते सहा इंच रुंदीच्या रिमला तो चालतो. नट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका, शेवटचा फेरा टॉर्क पान्याने, ८५ न्यूटन-मीटरवर. शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा पाना लावून घ्या.

हवा किती, तर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावर लिहिलंय तेवढी, आणि सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. मे महिन्यात दुपारी बेचाळीस डिग्रीत अहमदाबादहून आल्यावर मोजली तर जास्तच दाखवणार, ती काढून टाकायची नाही. नायट्रोजनचा फार बोलबाला असतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांनी साधी हवा तपासणारा माणूस, एकदा नायट्रोजन भरून सहा महिने न बघणाऱ्यापेक्षा टायर जास्त जपतो.

कधी चारऐवजी दोनच टायर घ्यायची वेळ आली तर नवे मागे टाका. आपल्याकडे सगळे पुढे टाकतात, कारण इंजिन पुढे आणि झीजही पुढे. पण पावसात पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा हातात येते. मागचं घसरलं तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी भल्या भल्यांना सावरत नाही.

आणि स्टेपनी. पहिल्या मालकाच्या घरातल्या २००९ च्या गाडीत मला बहुतेक वेळा कंपनीतून आलेली स्टेपनीच सापडते, एकदाही रस्त्याला न लागलेली, गोटे पूर्ण, आणि भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. ती गोट्यांकडे बघून चांगली समजू नका, रबर मेलेलं असतं. आता निघणाऱ्या चार टायरपैकी सहा वर्षांच्या आतला, चरांच्या तळाशी असलेल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेच्या बरेच वर गोटे उरलेला एखादा असेल तर तो स्टेपनीला ठेवा. १६५/८० आणि १८५/७० च्या व्यासात पाचच मिलिमीटरचा फरक आहे, पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश नेण्याला तो चालतो. तसा एकही नसेल तर पाचवा टायर घ्या. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी नको, या रविवारीच डिकीतली चटई उचला आणि त्या स्टेपनीवरची तारीख वाचून मला कळवा.